मावशी, आला का मेसेज?

या रे, या गं, जरा जवळ सरका. दारात उन्हात उभं राहू नका, फॅनखाली या. आणि आधी मला सांगा, आज तारीख कितवी? शेवटची ना? जाहिरात येऊन महिना झाला, बाईंनी शाळेच्या फळ्यावर लिहून पंधरा दिवस झाले, आणि तुम्ही उगवताय आज. उत्पन्नाचा दाखला कुठंय? "बाबा आणायला गेलेत." फोटो? "घरी राहिला." पासबुक? "आईच्या कपाटात, आणि चावी आईकडे, आणि आई कामावर." बरं. बसा. मी ओरडणार आणि ओरडता ओरडता फॉर्म भरणार. वीस वर्षं माझं हेच चाललंय.

आमच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "मावशी, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा ना." मी म्हटलं, मला लिहिता कुठं येतं, मी फॉर्म भरते. तर म्हणाल्या, "बोलता तसं लिहा." आता हे सांगणं सोपं, पण मी बोलायला लागले की लोक झेरॉक्सचे कागद घेऊन हळूच सटकतात. तुम्ही सटकू नका. मला शेवटी एक काम आहे.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या तळमजल्याला रस्त्याकडे तोंड करून चार गाळे आहेत. पहिला चक्कीवाल्याचा, दुसरा कांतिभाईंचा स्टेशनरीचा, तिसरा माझा, आणि चौथा कायम 'भाड्याने देणे आहे'. ह्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा आम्ही जुनं झेरॉक्स मशीन घेतलं आणि मी त्याच्यासमोर बसले. बोर्ड ह्यांनी रंगवून आणला. त्यावर उत्साहाच्या भरात लिहून घेतलं: 'सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील.' मला तोवर स्वतःच्या रेशनकार्डाचा फॉर्मसुद्धा धड भरता येत नव्हता. शिक्षण नववीपर्यंत, तेही गावच्या शाळेत, आणि इंग्रजी म्हणजे सगळा अंधार.

मग शिकलात कशा, असं लोक विचारतात. मशीनवर शिकले. समोर कागद ठेवायचा, झाकण लावायचं, दिवा इकडून तिकडे जाईपर्यंत दुसरा कागद वाचायचा. माझ्या मशीनवरून मुलांच्या वह्या गेल्या, लोकांचे दाखले गेले, नोटिसा गेल्या, प्रश्नपत्रिका गेल्या. मी सगळं वाचलं. चांगली सवय नाही म्हणा, पण माझी शाळा तीच. पुढे फॉर्म कॉम्प्युटरवर आले तेव्हा कॉम्प्युटरही तसाच शिकले. एकदा चुकायचं, दुसऱ्यांदा चुकायचं, तिसऱ्यांदा ते बटण लक्षात राहायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, फॉर्म भरणं म्हणजे काय, नाव लिहा, पत्ता लिहा, झालं. अहो, फॉर्म म्हणजे अख्ख्या घराची चौकशी असते. उत्पन्नाचा दाखला एकतीस मार्चला मरतो, एक एप्रिलला नवा काढावा लागतो, आणि नेमके फॉर्म निघतात त्याच्या आसपास. बँकेचं खातं मुलाच्या नावाचं हवं, आणि ते आधारला जोडलेलं हवं, नाहीतर शिष्यवृत्ती मंजूर होऊनही हवेत लटकत राहते. फोटोत हसायचं नाही, टोपी नाही, मागे पडदा पांढरा. माझ्या दुकानात पांढरी चादर टांगलेली आहे ती त्यासाठी. आणि त्या फोटोची फाइल इतकी बारीक करायची, की पोराचं नाक आणि भुवई एक होतात. सरकारला तशीच आवडतात.

हे झालं शिष्यवृत्त्यांचं. पण आठवी-नववी-दहावीच्या मुलांसाठी आणखी पुष्कळ काही असतं आणि ते कुणाला ठाऊकच नसतं. उन्हाळ्यात विज्ञानाची शिबिरं असतात, राहणं-जेवण फुकट. कुठं यंत्रावर काम शिकवतात, कुठं हॉटेलातलं, कुठं कोर्टातलं कामकाज दाखवतात. मी पेपरातली कात्रणं कापून दुकानाच्या काचेला चिकटवायला लागले. कांतिभाई म्हणायचे, "भाभी, काच आहे की वर्तमानपत्र? गिऱ्हाइकाला आतमधी तुम्ही दिसत पण नाय."

या शिबिरांच्या फॉर्ममध्ये एक रकाना हटकून असतो: 'स्वतःबद्दल दोनशे शब्द लिहा.' इथं सगळी मुलं मेली. जो तो लिहिणार, मला डॉक्टर होऊन देशाची सेवा करायची आहे. वाचणाऱ्यालाही देशाचा कंटाळा येईल. म्हणून मी पेनच काढून घ्यायचे. म्हणायचे, लिहू नकोस, बोल. मी झेरॉक्स काढत राहणार, तू आपला बोलत राहा. काल काय केलंस, कशावरून मार खाल्लास, कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही. मुलगा मशीनच्या आवाजात बोलत सुटायचा आणि मी बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर टिपून घ्यायचे. मग तो कागद त्याच्या हातात द्यायचा. "हे बघ, तू हे बोललास. आता हेच लिही." पोरं स्वतःचंच बोलणं वाचून चाट पडायची.

एकदा एक गृहस्थ आले, शर्ट इन केलेला, खिशाला दोन पेनं. सोबत दहावीतला मुलगा. फॉर्ममध्ये प्रश्न होता, तुम्हाला पुढे काय व्हायचंय? वडील म्हणाले, "लिहा, कलेक्टर."

मुलगा म्हणाला, "पप्पा, मला ना..."

"तू गप रे. लिहा मॅडम, कलेक्टर."

मी म्हटलं, "साहेब, हा रकाना मुलानंच सांगायचा असतो. मोठ्या माणसाच्या तोंडचं कॉम्प्युटर घेत नाही." शुद्ध थाप. पण त्यांनी खरंच कॉम्प्युटरकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरले. मुलगा माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "बेकरी." मी टाइप केलं. तो उन्हाळ्यात तीन आठवडे एका हॉटेलच्या भटारखान्यात शिकून आला. आज त्याचं स्वतःचं केकचं काम आहे, आणि केकचे डबे सोसायटीत वाटत फिरतात ते कोण, तर हेच पप्पा. "आमच्या मुलाचा आहे हां." मी आपला केक खाते.

एक आजी आठवीतल्या नातवाच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून झाल्यावर जागची उठेचना. मी म्हटलं, काय झालं आजी? म्हणाली, "आता माझा भर. मीपण आठवीच आहे." तिला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

आणि योगिता. समोरच्या टॉवरच्या वॉचमनची मुलगी, दहावीतली. शाळेतून येताना दुकानाच्या पायरीवर बसायची, कारण वडिलांची ड्युटी सुटेपर्यंत तिला घराची चावी मिळायची नाही. बोलायची फार थोडं. पण एक दिवस मी वह्यांचा गठ्ठा काढत होते तर म्हणाली, "मावशी, थांबा. आता कागद अडकणार." मी म्हटलं, तुला गं काय माहीत? आणि खर्र करून अडकलाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी तिला पाठमोरी बसवलं, तरी बरोबर सांगितलं. मी म्हटलं, तू जादूटोणा करतेस की काय? तर म्हणते, "नाही हो मावशी. अडकायच्या आधी ती दोनदा श्वास घेते." मशीन! माझं मशीन श्वास घेतं, आणि तेरा-चौदा वर्षं मी त्याच्यासमोर बसून मला पत्ता नाही.

त्याच आठवड्यात मी काचेला एक कात्रण लावलं होतं. अंधेरीच्या एका स्टुडिओत शाळकरी मुलांना उन्हाळ्यात सहा आठवडे ध्वनिमुद्रण शिकवणार होते. दहाच मुलं घेणार होते, शिकवणं फुकट. मी तिचा फॉर्म भरला. दोनशे शब्दांत आम्ही फक्त मशीनचा श्वास लिहिला. मग योगिता रोज पायरीवर येऊन विचारायची, "मावशी, आला का मेसेज?" आणि मी म्हणायचे, "नाही गं बाळा." दोन-तीन आठवडे विचारलं तिनं. मग विचारायची थांबली. पुढे सुट्टी लागली, वडिलांची ड्युटी दुसरीकडे लागली आणि ती माणसं गेली. असं होतं, प्रत्येक फॉर्मला थोडंच काही येतं. मी विसरले.

आता ती माझ्याकडे का विचारायची, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. फॉर्ममध्ये मोबाइल नंबर द्यावा लागतो. निवड झाली की निरोप त्यावर, आणि शहानिशेचा आकडा, तो ओटीपी, तोही त्यावर. या मुलांच्या घरी फोन एकच, तो वडिलांच्या खिशात, आणि नवी स्कीम निघाली की नंबर बदललेला. दोन-तीन मुलांचं असं हुकलं तेव्हा मी ठरवलं, आपलाच नंबर टाकायचा. माझा नंबर काही बदलत नाही, फोन कायम माझ्या पर्समध्ये, मी काही कुठं जात नाही. काही ठिकाणी एका नंबरावर एकच अर्ज चालायचा, तिथं ह्यांचा नंबर. लांबलचक वहीत मुलाचं नाव आणि अर्जाचा नंबर लिहून ठेवायचा, निरोप आला की वहीत बघायचं आणि हाक मारायची. मला याचा केवढा अभिमान! मुलांच्या खात्यांनाही माझाच नंबर, त्यामुळे बँकांचे वाढदिवसाचे निरोपसुद्धा माझ्याकडेच. आज कुणाचा वाढदिवस आहे ते त्यांच्या आयांच्या आधी मला कळायचं. मी रस्त्यातून हाक मारून सांगायचे, "ए, हॅपी बर्थडे रे, बँक म्हणतेय!"

आता प्रज्ञाची गोष्ट. योगितानंतर दोन वर्षांनी.

प्रज्ञा डोंगराच्या उतारावरच्या वस्तीतली. आई मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं भरायला जायची, वडील नव्हते. पोरगी तोंडाची फटकळ. मी म्हटलं, बोल, तर ती म्हणाली, "काय बोलू? आमच्याकडं पाणी येत नाही, तेवढंच आहे बोलायला." मग बोलत सुटली. वस्तीत खालच्या घरांना पाणी किती वाजता येतं, वरच्यांना किती वाजता, कुठली बादली किती मिनिटांत भरते, हे तिनं चार महिने वहीत लिहिलं होतं. वरच्या बायका खालच्यांशी भांडायच्या, की तुम्ही पंप लावता. हिनं वही दाखवून सांगितलं, पंप नाही, मधला पाइप बारीक आहे. मी मशीन बंद करून ऐकत बसले. तेच तिच्या दोनशे शब्दांत गेलं. अर्ज पुण्याकडच्या एका संशोधन संस्थेच्या उन्हाळी शिबिराचा होता. दहावीची परीक्षा दिलेल्या मुलांना चार आठवडे खऱ्या प्रयोगशाळेत काम. त्या वर्षी मी अशा अकरा मुलांचे अर्ज भरले होते.

आणि मी म्हटलं ना, मी कुठं जात नाही? त्याच एप्रिलात गावच्या घराची कौलं उतरवायला काढली आणि आम्ही दोघं दुकानाला कुलूप लावून आठ दिवस देवगडकडे गेलो. आमच्या वाडीत रेंज नाही. रेंज हवी तर घरामागची घाटी चढून सड्यावर, वरच्या उघड्या कातळावर जायचं. गुरुवारी सकाळी मी निघाले, सुनेला फोन करायचा म्हणून. हे कौलं मोजत होते.

"खंय चललंस गो भर उनात?"

"रेंज बघूक."

"रेंज काय पळान जाता? सांजवेळा जा."

पण मी गेले, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानते. सड्यावर पोचले आणि फोन थरथरायला लागला तो थांबेचना. चार दिवसांचे निरोप. बँक, रिचार्ज, साडीचा सेल. मी बोटानं सारत होते. मध्येच त्या पुण्याच्या शिबिराचा इंग्रजीत एक. मुलाचं नाव नाही, फक्त अर्जाचा नंबर. तुमची निवड झाली आहे, गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत संकेतस्थळावर संमती कळवा, पालकाच्या सहीचं पत्र जोडा, नाहीतर जागा पुढच्या मुलाला जाईल. निरोप सोमवारचा होता. आज गुरुवार, अकरा वाजले होते.

अकरा मुलांतलं कोण तरी निवडलं गेलंय. कोण? ते वहीत. वही दुकानात. दुकान मुलुंडला. आणि किल्ली माझ्या कंबरेला.

मी कांतिभाईंना फोन लावला. म्हटलं, "कांतिभाई, माझ्या दुकानाचं कुलूप तोडा."

"भाभी, तब्येत बरी आहे ना?"

"तोडा म्हणते ना!"

"असा कसा तोडू? मला चोर समजून धरतील. बावीस वरस इज्जतीत धंदा केला मी."

मी सगळं सांगितलं. म्हणाले, "फोन चालू ठेवा." त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना साक्षीदार म्हणून उभं केलं, चक्कीवाल्याकडून करवतीचं पान आणलं, आणि मला इकडे सड्यावर कुलूप कापल्याचा आवाज ऐकू येत होता. वही मिळाली. "भाभी, यात तर हळदीकुंकवाची यादी पण आहे." म्हटलं, पुढे उलटा. नंबर वाचत गेले, मी जुळवत गेले. सातवं नाव प्रज्ञाचं.

त्या माणसानं भर धंद्याच्या वेळी दुकान बंद केलं. रिक्षा करून पायथ्याला गेले, तिथून पायऱ्या चढून वर, त्या वयात, त्या गुडघ्यांनी. प्रज्ञा पाण्याच्या रांगेत होती. तिला घेऊन आले. पण आईच्या सहीचं पत्र हवं होतं आणि आई कारखान्यात. पत्र कांतिभाईंच्या काउंटरवर लिहिलं, प्रज्ञा ते घेऊन धावत कारखान्यात गेली आणि सही घेऊन आली, तेव्हा तीन वाजून गेले होते. मी आपली सड्यावर एका काजूच्या झाडाखाली, उभी आणि बसती. खाली उतरले तर रेंज जाणार, आणि शेवटचा आकडा माझ्याच फोनवर येणार. हे छत्री आणि कोकम सरबताची किटली घेऊन वर आले. "तुका येड लागलाहा," म्हणाले आणि माझ्यावर छत्री धरून उभे राहिले. संध्याकाळपर्यंत.

तिकडून कांतिभाई विचारतात, "भाभी, ह्या कागदाला तिखट लागलंय. मशीनमधी घालू? मशीनला शिंका येतील."

प्रज्ञाचा आवाज, "आईचा अंगठा टेकला हो कडेला. दुसरं लिहू का मावशी? परत जाऊ?"

म्हटलं, "अजिबात नको. असू दे डाग."

कांतिभाईंनी जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, आणि प्रज्ञानं शाळेत लांबून बघितलेला. मी डोळे मिटून माझं टेबल आठवत होते आणि सांगत होते, वर उजवीकडे निळी पट्टी, ती दाब. आता खाली ये. आता थांब. पहिला ओटीपी आला, मी वाचायला फोन कानापासून काढला आणि फोन कट. परत लावेपर्यंत त्याची मुदत संपली. दुसऱ्यांदा ह्यांनी फोन धरला, मी चष्मा पुसून एकेक आकडा ओरडून सांगितला. सड्यावरची गुरंसुद्धा बघायला लागली. मग पलीकडे काहीच आवाज नाही. मग प्रज्ञा म्हणाली, "मावशी, हिरवं आलं."

पाचला वीस मिनिटं होती. मी तिथंच कातळावर बसून रडले. हे म्हणाले, "आता रडतंस कित्याक? झाला मा?"

प्रज्ञा चार आठवडे जाऊन आली. आल्यावर पहिली माझ्याकडे. आईनं मसाल्याचं मोठं पाकीट दिलेलं. मी कांतिभाईंना बोलावलं, चहा मागवला. मला वाटलं होतं, आता पोरगी आभार मानणार. मानले तिनं, वाकून नमस्कारसुद्धा केला दोघांना. मग बसली आणि म्हणाली, "मावशी, एक बोलू? रागावायचं नाही."

"बोल."

"माझा निरोप तुमच्या पर्समध्ये कशाला?"

मी तिला सांगायला लागले, की तुमच्या घरी फोन नाही, नंबर बदलतात, मी तुमच्या भल्यासाठीच. ती म्हणाली, "ते खरंय. पण तुम्ही त्या डोंगरावर गेला नसता तर? मला कळलंसुद्धा नसतं, की माझी निवड झाली होती. मी म्हटलं असतं, आपल्याला जमलं नाही."

कांतिभाई चहाच्या कपात बघत होते. मला राग आला, खोटं कशाला बोलू. चांगलाच आला. पण ती गेल्यावर तिचं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावून घेतलं आणि माझा फोन तिच्यापुढे ठेवला. जुन्या निरोपांचा डोंगर होता, अर्ध्याहून जास्त न उघडलेले. म्हटलं, तू वाच, मी वहीत बघते. चार दुपारी आम्ही तेच केलं. बहुतेक सगळे किरकोळ निघाले. अर्ज मिळाला, अर्ज तपासला, वाढदिवसाच्या शुभेच्छा. मी जराशी खुशीत यायला लागले होते.

चौथ्या दुपारी प्रज्ञा वाचता वाचता थांबली. मी म्हटलं, काय गं? तिनं नंबर सांगितला. मी वहीत बोट फिरवलं. योगिता.

अंधेरीच्या स्टुडिओचा निरोप. कानांच्या चाचणीसाठी शनिवारी सकाळी अकरा वाजता या, येताना शाळेचं ओळखपत्र आणा. दोन वर्षांपूर्वीचा. साडीच्या सेलच्या आणि रिचार्जच्या मधोमध बसलेला. मी तारीख बघितली. त्यानंतरही आठवडाभर ती पोरगी पायरीवर येऊन मला विचारत होती, आला का मेसेज, आणि मी पर्स मांडीवर ठेवून तिला सांगत होते, नाही गं बाळा.

हे घरी म्हणाले, "नुसता चाचणीचाच बोलावणा होता. पास झाली असती कशावरून?" मी म्हटलं, झाली असती. जिला मशीनचा श्वास ऐकू येतो, तिला आणखी कसली चाचणी?

त्या दिवसापासून माझ्या दुकानातून माझा नंबर कुठल्याही फॉर्मवर जात नाही. मुलानं आईला घेऊन यायचं, आईचा नंबर टाकायचा. आईकडे फोन नसेल तर शेजारणीचा, पण शेजारणीला इथं बसवून समजावून. अर्जाचा नंबर मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यानं स्वतः लिहायचा, पाठ करायचा आणि मला म्हणून दाखवायचा. आणि निकालाची तारीख दुकानाच्या काचेवर, कात्रणाशेजारी, मोठ्या अक्षरात. निरोप नाही आला तरी मुलानं स्वतः जाऊन विचारायचं. हे सगळे नियम प्रज्ञानं घातले. ती आता इंजिनिअरिंगला आहे, शनिवारी येऊन माझ्या खुर्चीत बसते आणि पोरांवर माझ्यापेक्षा जास्त ओरडते. कांतिभाईंनी नवं कुलूप आणून दिलं, एक किल्ली स्वतःकडे ठेवली. म्हणाले, "परत करवत कोण आणणार?" केवढी माणसं माझ्या वाट्याला आली हो या एवढ्याशा गाळ्यात. नववी शिकलेल्या बाईला कुणी इतकं दिलं नसतं.

पण योगिता सापडली नाही. समोरच्या टॉवरमध्ये विचारलं, तर वॉचमनची एजन्सी बदललेली. जुन्या एजन्सीचं ऑफिस शोधत अंधेरीला गेले, तिथं आता दुसराच धंदा. शाळेत विचारलं, दाखला नेलाय म्हणाले. कुणी म्हणतं विरारकडे गेले, कुणी म्हणतं बदलापूरला. म्हणून हा अंक. दिवाळी अंक लोक एकमेकांना देतात, रद्दीत घालतात, सलूनमध्ये ठेवतात. कुणाच्या तरी हातून कुठंतरी पोचेल. हेच ते काम, जे मी सुरुवातीला म्हटलं होतं.

तर योगिता, हे तुझ्यासाठी. तुझा मेसेज आला होता गं. तू नापास झाली नव्हतीस, तुझ्या कानात काही खोट नव्हती. चूक माझी होती. तू आता बाविशीची असशील, तुझं तुझं काही चाललं असेल, चांगलंच चाललं असेल. मला माफ कर असं म्हणायला मी तुला बोलवत नाही, ते तू तुझं ठरव. फक्त हे तुला माझ्या तोंडून कळायला हवं. तो जुना नंबर मी अजून बंद केलेला नाही. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी त्याच्यावरचे सगळे निरोप वाचते, साडीच्या सेलचेसुद्धा. दर वर्षी बँकेकडून तुझा वाढदिवस त्याच्यावर येतो, आणि मी पायरीकडे बघते.

मशीन आता नवीन घेतलंय. तेही अडकतं. मी कान लावून बसते, पण मला त्याचा श्वास काही ऐकू येत नाही. तू एकदा येऊन ऐक ना. गाळा तोच आहे, पायरी तीच आहे, कांतिभाई चहा सांगतील. लवकर ये हं. शेवटच्या तारखेची वाट बघू नकोस.